फाशी द्या! आणि मग?

कुठलीही भयंकर बातमी फुटली की आपल्या सगळ्यांच्या फोनवर एकच मेसेज येतो. 'फाशी द्या.' दुसरा येतो, 'भर चौकात द्या.' तिसऱ्यात हातपाय तोडण्याची तपशीलवार योजना असते. चौथ्या मेसेजला कुणीतरी गुलाबाच्या फुलासकट 'शुभ प्रभात' टाकतं आणि ग्रुप पुढे सरकतो.

मी फाशीच्या विरोधात आहे. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हे वाक्य एकदा म्हणून बघा. समोरच्याचा चमचा हवेतच थांबतो. मग प्रश्न येतात, ठरलेल्या क्रमानं. 'म्हणजे कसाबलाही नको होती?' 'तू काय ह्युमन राइट्सवाली आहेस का?' आणि शेवटचा, आवाज जरा खाली आणून, 'उद्या तुझ्या घरातल्या कुणाचं असं झालं तर?' हा प्रश्न विचारला की आता हिची बोलती बंद, असं विचारणाऱ्याला वाटतं. पण मंडळी, याच प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात आधी द्यायचंय. कारण असं जिथं झालं, ते माझं गाव आहे.

नावातच रेल्वे

धामणगाव रेल्वे. हो, गावाच्या नावातच रेल्वे आहे. पुण्यात पहिल्या नोकरीचा फॉर्म भरला तेव्हा एचआरच्या मुलीनं विचारलं होतं, "हे वडिलांच्या कंपनीचं नाव आहे का?" महाराष्ट्रात धामणगावं पुष्कळ, म्हणून आमचं रेल्वेवालं. शेजारी चांदूरही तसंच. अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर, एक बाजार, एक रेल्वे. मुंबई-हावडा लाइनवर बडनेरा आणि वर्ध्याच्या मध्ये आम्ही बसतो. कापूस, जिनिंग, शाळा-कॉलेजं आणि संध्याकाळी स्टेशनकडे चक्कर. विदर्भ एक्सप्रेस थांबते, हा आमचा स्टेटस. पुण्या-मुंबईच्या पेपरात आमचं नाव यायचं ते दुष्काळाच्या नाहीतर कापसाच्या भावाच्या बातमीत.

जानेवारी २०२० मध्ये ते वेगळ्या कारणानं आलं. ६ तारखेला धामणगावात कॉलेजमध्ये शिकणाऱ्या एका मुलीचा चाकूनं खून झाला. मारणारा तरुण ओळखीतला. त्यानं नंतर स्वतःवरही वार करून घेतले. बातमीत लिहिलं होतं, 'एकतर्फी प्रेमातून'. या शब्दावर माझं डोकं सटकतं. जिला नको होतं तिला चाकू मारण्यात प्रेम कुठल्या बाजूनं होतं?

महिना उलटत नाही तोच ३ फेब्रुवारीला हिंगणघाट. वर्धा ओलांडलं की पुढचं मोठं गाव. कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेवर भर रस्त्यात पेट्रोल टाकून तिला पेटवलं. पेटवणारा तिच्याच गावचा. आठवडाभर ती नागपूरच्या हॉस्पिटलमध्ये झुंजली आणि १० फेब्रुवारीला गेली. हिंगणघाटात मोर्चे निघाले, बंद झाला. मागणी एकच, फाशी. काहींना तेवढा वेळही नको होता. दोनच महिन्यांपूर्वी, डिसेंबर २०१९ मध्ये, हैदराबादला चार आरोपी पोलिसांच्या गोळीनं मेले होते. 'तसंच करा,' लोक म्हणत होते.

आणि १३ फेब्रुवारी. चांदूर रेल्वेच्या एका महिला कॉलेजात मुलींना शपथ दिली गेली. प्रेम करणार नाही, प्रेमविवाह करणार नाही, हुंडा मागणाऱ्याशी लग्न करणार नाही. हुंड्याचं ठीक. पण बाकीचं? चाकू एका मुलानं चालवला, पेट्रोल दुसऱ्या पुरुषानं टाकलं आणि हात पुढे करून शपथ घेतली मुलींनी! शपथ मुलींनाच का, असं पंकजा मुंडे यांनी तेव्हा जाहीरपणे विचारलं होतं. बरोबर विचारलं होतं.

अडतीस दिवस. तीन गावं. तिन्ही मी लहानपणापासून बघितलेली.

मोबाईल कुणाचा गेला?

त्या दिवसांत आईचा रोज फोन यायचा. "अवं माय, आपल्या गावात असं झालं पाह्य. तू रात्रीची फिरू नको तिकडं." मी पुण्यात, पस्तिशीला आलेली, दहा माणसांची टीम सांभाळणारी. पण आईसाठी मी धामणगावच्या गल्लीतलीच.

पुढच्या महिन्यात घरी गेले तेव्हा काका अंगणात खुर्ची टाकून बसलेले. विषय तोच.

"त्याले फाशीच पायजे. कोर्ट-बिर्ट काही नाई."

"काका, एकाले लटकवलं तं दुसऱ्याले भेव वाटंन काय?"

"वाटंन ना. काहून नाई वाटंन?"

"मंग जो स्वतःलेच चाकू मारून घेते, त्याले फाशीचं भेव दाखवून काय होते?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "भल्ली वकील झाली तू पुण्याले जाऊन," म्हणाले आणि पेपर उघडला. पण पेपराआडून एक वाक्य आलंच. "जित्ता ठेवून कराचं काय त्याचं? आपल्या पैशानं पोसाचं?" काकांच्या या प्रश्नाकडे मी पुढे येते. आधी माझ्या मामेबहिणीचं सांगते.

ती तेव्हा बारावीत. हुशार पोरगी, फिजिक्सची ट्यूशन संध्याकाळी सहाची. जानेवारीनंतर तिची ट्यूशन बंद झाली. कॉलेजला भाऊ सोडायला आणि आणायला. वयानं भाऊ दोन वर्षांनी लहान, पण मुलगा ना! मोबाईल काढून घेतला, का तर कुणाचा मेसेज नको. मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, चाकू त्या पोट्ट्यानं मारला अन् मोबाईल माहा घेतला."

फाशीवरची डझनभर भाषणं मी ऐकली आहेत, दोन्ही बाजूंची. या वाक्याच्या जवळपास जाईल असं त्यात काही नव्हतं. तिच्या घरातले सगळे पुरुष 'फाशी द्या'वाले होते. त्यांचा राग खोटा नव्हता, मी बघितलाय. पण राग व्यक्त झाला, मागणी करून झाली, आणि मग उरलेलं सगळं त्या पोरीनं करायचं. घरी बसायचं, मान खाली घालून चालायचं, शपथ घ्यायची. माझा फाशीवरचा पहिला आक्षेप हाच आहे. ती मागणी आपल्याला फार स्वस्तात पडते. एकदा 'फाशी द्या' म्हटलं की आपण सुटलो. त्या मुलाला 'ती नाही म्हणाली म्हणजे नाही' हे कुणी शिकवलं होतं का, तो मागे लागला तेव्हा मित्र हसत होते का, घरच्यांना कळलं होतं का, यातलं काहीच मग विचारावं लागत नाही.

सरकारचंही तसंच. हिंगणघाटनंतर तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख आंध्रचा 'दिशा' कायदा समजून घ्यायला गेले. त्यातून आपल्याकडे 'शक्ती' विधेयक आलं. बलात्काराला फाशीपर्यंत शिक्षा. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळानं एकमतानं मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती काही त्याला मिळाली नाही. पण बातमी होऊन गेली होती, टाळ्या पडून गेल्या होत्या.

नाईट शिफ्टची कॅब

आता पुण्याकडे येते, कारण ही गोष्ट तुमच्या-माझ्या ऑफिसची आहे. १ नोव्हेंबर २००७. बीपीओत काम करणारी २२ वर्षांची मुलगी नाईट शिफ्टसाठी कंपनीच्या कॅबमध्ये बसली. ड्रायव्हर आणि त्याच्या मित्रानं तिला ऑफिसऐवजी गहुंज्याच्या बाजूला नेलं, बलात्कार केला, मारून टाकलं. गहुंजे, जिथं नंतर क्रिकेट स्टेडियम झालं.

मी तेव्हा पुण्यात नवीन होते आणि नाईट शिफ्टच करत होते. दुसऱ्या एका कंपनीत, पण कॅब तशीच पांढरी, ड्रायव्हर तसाच अनोळखी. त्या आठवड्यात आमच्या फ्लोअरवरच्या दोन मुलींनी राजीनामा दिला. एकीला घरच्यांनी परत बोलावलं. उरलेल्या आम्ही एकमेकींना मिस्ड कॉल द्यायला लागलो. एक रिंग म्हणजे बसले, दोन म्हणजे पोचले.

त्या दोघांना मार्च २०१२ मध्ये पुण्याच्या कोर्टानं फाशी दिली. त्याच वर्षी हायकोर्टानं ती कायम केली, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं. २०१७ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. आता फक्त तारीख ठरायची होती. ती ठरली २४ जून २०१९. आणि मग? मधल्या काळात सरकारी टेबलांवर फाइल इतकी रेंगाळली होती की एवढी वर्षं मरणाच्या छायेत ठेवणं हेच घटनाबाह्य आहे, असं म्हणून मुंबई हायकोर्टानं जुलै २०१९ मध्ये फाशी रद्द केली आणि ३५ वर्षांची कैद दिली. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते कायम केलं. घटनेपासून १७ वर्षं.

तिच्या घरच्यांचा विचार करा. कनिष्ठ कोर्ट, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, राज्यपाल, राष्ट्रपती, पुन्हा हायकोर्ट, पुन्हा सुप्रीम कोर्ट. प्रत्येक वेळी टीव्हीवर तोच फोटो, तीच जखम उघडी. २०१२ मध्येच 'हे दोघं पुढची ३५ वर्षं बाहेर येणार नाहीत' असा निकाल लागला असता, तर ते कुटुंब कितीतरी आधी कोर्टाच्या पायऱ्या उतरून घरी गेलं असतं. पीडितांच्या घरच्यांसाठी फाशी हवी, असं आपण म्हणतो. पण एवढी वर्षं त्यांना ताटकळत ठेवते तीही फाशीच.

काकांचा पोसण्याचा प्रश्नही इथंच निकालात निघतो. फाशीची शिक्षा झालेला माणूस दुसऱ्या दिवशी फासावर जात नाही, काका. तो तुरुंगातच असतो, जेवतो, झोपतो आणि वर त्याचे एकामागून एक खटले चालतात. पोसायचं चुकत नाही ते नाहीच.

आणि आम्हा मुलींना त्या रस्त्यावर कशामुळे जरा सुरक्षित वाटायला लागलं? कॅबमध्ये सिक्युरिटी गार्ड आला. सगळ्यात शेवटी मुलीला सोडायचं नाही, हा नियम आला. ड्रायव्हरचं पोलिस व्हेरिफिकेशन, त्याचा नंबर, रूटचा कागद. हे सगळं अगदी कंटाळवाणं काम होतं. त्यावर एकही मोर्चा निघाला नाही. पण रात्री अडीच वाजता पाषाणच्या अंधारात कॅब वळायची तेव्हा माझ्या मनात येरवड्याच्या फाशीचा विचार कधी आला नाही. पुढच्या सीटवर बसलेल्या गार्डकाकांचं डोकं दिसलं की बरं वाटायचं.

सहा माणसं

आता दुसरा आक्षेप. खरं तर हा पुरेसा आहे, बाकी काही नसतं तरी.

जून २००३. नाशिक जिल्ह्यात शेतावरच्या एका झोपडीत रात्री दरोडा पडला. एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा खून, बायकांवर अत्याचार. आई आणि मुलगा तेवढे वाचले. वाचतानाच अंगावर काटा येतो असा गुन्हा. 'दुर्मिळातला दुर्मिळ' म्हणतात ना, तसा. १९८० च्या बचनसिंग खटल्यापासून फाशीसाठी आपल्या कोर्टांनी हीच कसोटी ठेवली आहे.

सहा जणांना पकडलं. भटक्या जमातीतले, गरीब, गावोगाव फिरून पोट भरणारे. २००६ मध्ये नाशिकच्या कोर्टानं सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये हायकोर्टानं तिघांची फाशी ठेवली, तिघांना जन्मठेप केली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं सांगितलं, सहाच्या सहा लटकवा. त्यांच्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झालं.

मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. पुरावा कमी पडला, संशयाचा फायदा दिला, एवढंच नव्हतं ते. वाचलेल्या आईनं घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही. सहा निरपराध माणसांना गोवलं गेलं, असं कोर्टानं म्हटलं. प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई द्या, दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करा, असा आदेश दिला. तोवर १६ वर्षं तुरुंगात गेली होती.

जरा गणित करा. २००९ आणि २०१९ मध्ये दहा वर्षं आहेत. आपल्या ग्रुपवर जो वेग मागतात, महिनाभरात निकाल आणि दुसऱ्या दिवशी फाशी, तो वेग असता तर २०१९ चा निकाल सहा फोटोंना हार घालून वाचावा लागला असता. आणि खरे गुन्हेगार? ते बाहेरच होते. एका आईचं घर ज्यांनी उद्ध्वस्त केलं त्यांना शोधायचं राहूनच गेलं, कारण सगळ्यांना वाटलं, झाला न्याय.

हा एखाद-दुसरा अपघात म्हणावा, तर तसंही नाही. दिल्लीच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीनं २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांवर मोठा अहवाल काढला. २००० ते २०१५ या काळात खालच्या कोर्टांनी फाशी दिलेल्या ज्या १,४८६ जणांच्या अपिलांचा निकाल लागला होता, त्यांपैकी ४४३ निर्दोष सुटले. जवळजवळ ३० टक्के. ९७० जणांची शिक्षा कमी झाली. फाशी टिकली ७३ जणांची, पाच टक्क्यांहूनही कमी. तुमच्या कंपनीच्या एखाद्या सॉफ्टवेअरचा एरर रेट एवढा निघाला तर तुम्ही ते लाइव्ह जाऊ द्याल? आणि इथं एकदा बटन दाबलं की अनडू नाही. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. भेटलेल्या फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे ७४ टक्के आर्थिकदृष्ट्या दुबळे होते. चांगला वकील परवडणारा माणूस त्या कोठडीत सहसा सापडत नाही.

मुंबईकरांना अजून जवळचं उदाहरण हवं असेल, तर ११ जुलै २००६ आठवा. वेस्टर्न लाइनवर सात स्फोट, १८० च्या वर माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष कोर्टानं १२ जणांना दोषी धरलं, त्यातल्या पाच जणांना फाशी दिली. जुलै २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. सरकार लगेच सुप्रीम कोर्टात गेलं. तिथं 'हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही' अशी स्थगिती मिळाली, पण सुटलेल्यांना परत आत जायला सांगितलं नाही. फाशी झालेल्या पाचांपैकी एक जण मात्र हायकोर्टाचा निकाल ऐकायला नव्हता. २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोरोनानं गेला होता. धामणगावहून ट्रेननं नागपूर दोन-अडीच तासांवर. त्याच तुरुंगात ३० जुलै २०१५ ला याकूब मेमनला फाशी झाली. राज्यात फाशीची सोय असलेले तुरुंग दोनच, येरवडा आणि हे.

मग कसाबचं काय?

विचारा, विचारा. त्याच्या बाबतीत चुकीचा माणूस पकडला असं कुणीच म्हणू शकत नाही. अख्ख्या देशानं त्याला बंदूक घेऊन फिरताना बघितलं. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात त्याला फाशी झाली तेव्हा मी रडले नाही, पेढेही वाटले नाहीत. पण कायदा एका कसाबपुरता लिहिता येत नाही हो. कसाबसाठी उघडलेल्या दारातूनच नाशिकचे ते सहा जण आत ढकलले गेले. ऑगस्ट २०१५ मध्ये न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या विधी आयोगानं सुचवलं होतं की दहशतवाद आणि देशाविरुद्धचं युद्ध सोडून बाकी सगळ्या गुन्ह्यांची फाशी रद्द करावी. मला तर तेही पूर्ण पटत नाही, ७/११ च्या खटल्यानंतर तर नाहीच. पण निदान तिथून सुरुवात तरी करा.

'म्हणजे गुन्हेगाराला सोडून द्यायचं?' छे! मला शिक्षा हवीय. कडक हवीय. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हा आपल्याकडचा मोठाच गैरसमज आहे. कायद्यानं जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. चौदा वर्षांनंतर सुटकेचा विचार सरकार करू शकतं, करायलाच हवा असं नाही. आणि २००८ पासून सुप्रीम कोर्टानं मधला मार्गही काढलाय, २५, ३०, ३५ वर्षं सवलत न देता आत. पुण्याच्या प्रकरणात तेच झालं. हिंगणघाटच्या आरोपीला १० फेब्रुवारी २०२२ ला, त्या प्राध्यापिकेच्या दुसऱ्या स्मृतिदिनीच, जन्मठेप झाली. दोन वर्षांत, त्यातही लॉकडाउन धरून! मला विचाराल तर त्या निकालातली दाद देण्यासारखी गोष्ट हीच. अशी शिक्षा जी होते. नक्की होते. आणि उद्या चूक निघाली तर तुरुंगाचं दार निदान उघडता येतं.

आणि चाकू निघण्याच्या आधीचं काय? पाठलाग हा गुन्हा आहे, हे आपल्यापैकी किती जणींना माहितीय? २०१३ मध्ये, दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, तो स्वतंत्र गुन्हा झाला, ३५४-ड. जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ते कलम ७८ आहे. पहिल्यांदा केला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पण जामीनपात्र. म्हणजे मुलीनं हिंमत करून पोलिस स्टेशन गाठलं, तक्रार दिली, तर तो संध्याकाळी परत तिच्या गल्लीत उभा. त्या संध्याकाळपासून पुढे तिच्या सुरक्षेची जबाबदारी कुणाची? यावर मोर्चा निघाला तर मी रजा टाकून येईन.

ज्या जस्टिस वर्मा समितीनं २०१३ मध्ये बलात्काराचे कायदे बदलायला सुचवले, तिनं फाशीची शिफारस केली नव्हती. सरकारनं ती स्वतःहून घातली. २०१८ मध्ये लहान मुलींसाठी वाढवली, २०१९ मध्ये पॉक्सोत आणली. २० मार्च २०२० ला पहाटे तिहारमध्ये निर्भयाच्या चौघांना फाशी झाली. तेव्हा धामणगावच्या मुलीला जाऊन अडीच महिने झाले होते. आमच्या फॅमिली ग्रुपवर त्या सकाळी फटाक्यांचे व्हिडिओ आले. मामेबहीण त्या ग्रुपवर नव्हती. तिचा फोन अजून कपाटात होता.

राहिला तो प्रश्न, 'तुझ्या घरातल्या कुणाचं झालं तर?' त्या दिवशी मी काय मागेन, हे मला खरंच सांगता येणार नाही. कदाचित त्याचा गळा माझ्या हातानं आवळावासा वाटेल. तसं वाटलं तर मला कुणी चूक म्हणू नये. पण म्हणूनच तो निर्णय त्या दिवशी माझ्या हातात असू नये. कोर्ट असतं ते यासाठीच. माझा राग त्यानं समजून घ्यावा, पण माझ्या रागाच्या भरात सही करू नये.

हल्ली ग्रुपवर अशी बातमी आली की मी वाद घालत नाही. फक्त दोन प्रश्न टाकते. 'तिनं आधी तक्रार दिली होती का?' आणि 'दिली होती तर तिचं काय झालं?' बहुतेक वेळा कुणी उत्तर देत नाही. पण मागच्या वेळी काकांनी दिलं. त्यांनी गावातल्या एका पत्रकाराला फोन लावून विचारून घेतलं होतं आणि मोठ्या अक्षरांत टाईप केलं होतं, "दोनदा दिली होती." खाली आणखी एक ओळ होती. "पोलिसायले विचाराले पायजे."